अ‍ॅनिमे संमेलन (मुंबई महानगर)

अ‍ॅनिमे संमेलन म्हणजे अ‍ॅनिमे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी अ‍ॅनिमेशनपटांच्या आणि मांगा या जपानी चित्रकथांच्या चाहत्यांचा एक किंवा अधिक दिवस चालणारा मेळावा होय. अशा मेळाव्यात पात्रांची वेशभूषा करणे, चित्रांची व वस्तूंची खरेदी-विक्री, कलावंतांशी संवाद, चित्रपट किंवा मालिकांचे खेळ आणि स्पर्धा यांचा समावेश असतो. मुंबई महानगरात असे मोठे मेळावे प्रामुख्याने गोरेगाव येथील प्रदर्शन केंद्रात आणि वांद्रे-कुर्ला संकुलात भरले आहेत. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील अ‍ॅनिमेच्या चाहत्यांना त्यासाठी उपनगरी रेल्वेने मुंबईत यावे लागते. त्यामुळे या भागातील चाहत्याच्या दृष्टीने संमेलनाची पहिली भेट हा केवळ करमणुकीचा कार्यक्रम नसून प्रवास, खर्च, वेशभूषा आणि घरच्यांची संमती या सर्वांचे नियोजन मागणारा दिवस असतो.

संज्ञा

चाहत्यांमध्ये अशा मेळाव्याला ‘कॉन’ हे संक्षिप्त नाव रूढ आहे. मराठीत ‘संमेलन’ हा शब्द मुख्यतः साहित्य संमेलनामुळे परिचित आहे. ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीतच भरले होते. ग्रंथप्रदर्शन, आवडत्या लेखकाची स्वाक्षरी आणि समानशील माणसांची गाठभेट या बाबतींत दोन्ही मेळाव्यांत साम्य आढळते. मात्र अ‍ॅनिमे संमेलनाला अध्यक्ष नसतो, ठराव होत नाहीत आणि प्रवेश बहुधा सशुल्क असतो. शिवाय येथे आलेला प्रेक्षक वेशभूषा करून स्वतःच कार्यक्रमाचा भाग होऊ शकतो. हा फरक सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

उगम

चाहत्यांनी वेशभूषा करून मेळाव्याला येण्याची प्रथा विज्ञानकथांच्या वाचकांमध्ये सुरू झाली. १९३९ मध्ये न्यू यॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन व मर्टल डग्लस हे भविष्यकालीन पोशाख घालून आले होते. जपानमध्ये २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत ‘कॉमिक मार्केट’ हा मेळावा प्रथम भरला. त्यात ३२ हौशी गटांनी भाग घेतला आणि सुमारे ७०० लोक आले. ‘कोमिके’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मेळाव्याच्या २०१९ मधील उन्हाळी सत्रात चार दिवसांत सुमारे ७ लाख ३० हजार उपस्थिती नोंदवली गेली. हौशी लेखक-चित्रकारांनी स्वतः छापलेली पुस्तके विकणे हा कोमिकेचा मूळ हेतू होता व आजही तोच आहे.

पात्राची वेशभूषा करण्याला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. ही संज्ञा १९८० च्या दशकात रूढ झाली आणि तिचे श्रेय जपानी लेखक-प्रकाशक नोबुयुकी ताकाहाशी यांना दिले जाते. अमेरिकेतील ‘अ‍ॅनिमे एक्स्पो’ हे संमेलन १९९२ पासून भरते.

भारतातील पार्श्वभूमी

भारतातील एका संपूर्ण पिढीने अ‍ॅनिमे हे नाव ऐकण्यापूर्वीच अ‍ॅनिमे पाहिले होते. रुडयार्ड किपलिंग यांच्या कथांवर आधारित ‘द जंगल बुक’ ही निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेची मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून दाखवण्यात आली. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीतबद्ध केले. हिंदी रूपांतरात शेरखान या वाघाला नाना पाटेकर यांनी आवाज दिला. मोगलीची ही मालिका जपानी आहे याची कल्पना बहुसंख्य प्रेक्षकांना नव्हती.

त्याच सुमारास युगो साको आणि मुंबईत कार्यरत असलेले अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांच्या सहभागातून ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा भारत-जपान सहनिर्मितीचा चित्रपट तयार झाला. तो जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला.

पुढील टप्पा खासगी वाहिन्यांचा होता. कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ व ‘पोकेमॉन’ या मालिका लोकप्रिय झाल्या. २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स ही केवळ अ‍ॅनिमेला वाहिलेली वाहिनी भारतात सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. हंगामा वाहिनीवरील ‘डोरेमॉन’ व ‘शिन-चॅन’ यांच्या हिंदी आवृत्त्या घरोघरी पाहिल्या गेल्या. ‘शिन-चॅन’च्या उद्धट वर्तनाबद्दल पालकांनी तक्रारी केल्यानंतर २००८ मध्ये तिच्या प्रसारणावर काही काळ बंदीही आली होती. त्यानंतर इंटरनेटवरील प्रसारण सेवांमुळे प्रौढांसाठीच्या मालिकाही सहज उपलब्ध झाल्या आणि हिंदी, तमिळ व तेलुगू ध्वनिमुद्रण होऊ लागले.

चाहत्यांची संख्या प्रथम ठळकपणे दिसून आली ती २०१९ मध्ये. माकोतो शिन्काई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित व्हावा, यासाठी भारतीय चाहत्यांनी ऑनलाइन विनंतीपत्र काढले. त्यावर ५० हजारांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या आणि ११ ऑक्टोबर २०१९ रोजी तो भारतीय चित्रपटगृहांत झळकला. १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ या चित्रपटालाही मोठा प्रतिसाद मिळाला. असे असले, तरी अ‍ॅनिमे पाहणे ही मुख्यतः घरात, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आणि एकट्याने करण्याची गोष्ट राहिली आहे. संमेलनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

मुंबईतील संमेलने

भारतात चित्रकथा व लोकप्रिय संस्कृतीच्या मोठ्या मेळाव्यांची सुरुवात ‘कॉमिक कॉन इंडिया’ने केली. जतिन वर्मा यांनी स्थापन केलेल्या या संस्थेचा पहिला मेळावा फेब्रुवारी २०११ मध्ये नवी दिल्लीतील दिल्ली हाट येथे भरला आणि त्याच वर्षी तो मुंबईतही आला. कालांतराने मुंबईचा मेळावा मोठा झाला आणि गोरेगाव पूर्व येथील बॉम्बे एक्झिबिशन सेंटर हे त्याचे परिचित ठिकाण ठरले. हे केंद्र ‘नेस्को’ या नावानेच अधिक ओळखले जाते. २०२४ मध्ये नॉडविन गेमिंग या कंपनीने कॉमिक कॉन इंडिया विकत घेतली.

कॉमिक कॉन हे केवळ अ‍ॅनिमेचे संमेलन नाही. अमेरिकी महानायकांच्या चित्रकथा, भारतीय चित्रकथा, व्हिडिओ गेम आणि विनोदी कार्यक्रम यांनाही तेथे स्थान असते. तथापि, वेशभूषा करून येणाऱ्यांमध्ये अ‍ॅनिमेतील पात्रांचे प्रमाण लक्षणीय असते. केवळ अ‍ॅनिमेला वाहिलेले ‘अ‍ॅनिमे इंडिया’ हे संमेलन ऑगस्ट २०२५ मध्ये नेस्को केंद्रातच भरले.

मोठ्या व्यावसायिक मेळाव्यांखेरीज चाहत्यांनी स्वतः चालवलेली संमेलनेही भारतात आहेत. नागालँडची राजधानी कोहिमा येथे ‘नागालँड अ‍ॅनिमे जंकीज’ या चाहत्यांच्या गटाने सुरू केलेला ‘कॉसफेस्ट’ हा वेशभूषेचा वार्षिक मेळावा त्याचे ठळक उदाहरण आहे. कोहिमाची लोकसंख्या कल्याण-डोंबिवलीच्या तुलनेत अगदी थोडी आहे. संमेलन भरण्यासाठी महानगर असणे आवश्यक नसून संघटित चाहते असणे पुरेसे ठरते, हे या उदाहरणावरून दिसते.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीहून प्रवास

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर अंतरावर आहे. ही तिन्ही स्थानके मध्य रेल्वेवर असून गोरेगाव पश्चिम रेल्वेवर आहे. त्यामुळे नेस्को केंद्राकडे जाताना मार्ग बदलणे अटळ असते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेने राम मंदिर किंवा गोरेगाव स्थानक गाठणे हा जुना मार्ग होय. घाटकोपरला उतरून मेट्रो मार्गिका १ ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकापर्यंत जाणे, तेथून पादचारी पुलाने गुंदवली स्थानकात जाऊन मेट्रो मार्गिका ७ ने गोरेगाव पूर्व स्थानक गाठणे हा दुसरा मार्ग आहे. जानेवारी २०२३ मध्ये मार्गिका ७ पूर्ण लांबीने सुरू झाल्यावर तो उपलब्ध झाला. पोशाख व अवजड सामान घेऊन जाणाऱ्यांना दादरच्या पुलावरील गर्दीपेक्षा हा मार्ग सोयीचा ठरतो, मात्र त्याचे भाडे जास्त पडते. गाडी बदलण्याचा वेळ धरून कल्याणहून एका बाजूच्या प्रवासाला साधारण दीड ते दोन तास लागतात.

संमेलने बहुधा शनिवार-रविवारी भरतात. रविवारी रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो. त्या वेळी जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात आणि काही फेऱ्या रद्द होतात. त्यामुळे रविवारी जाणाऱ्यांना आदल्या दिवशी जाहीर होणारे वेळापत्रक पाहावे लागते, अथवा शनिवार निवडावा लागतो.

वेशभूषा करून लोकलमध्ये चढणे ही पहिल्यांदा जाणाऱ्यांची सर्वांत मोठी धास्ती असते. गर्दीत पंख, चिलखत किंवा लांब तलवार सांभाळणे अवघड जाते आणि सहप्रवाशांच्या नजरांचा संकोचही वाटतो. म्हणून अनेक जण पोशाख पिशवीत भरून नेतात व केंद्रात पोहोचल्यावर तो घालतात. काही जण आतील पोशाख घरीच घालून त्यावर साधा सदरा चढवतात. केसांचा टोप आणि हातातील वस्तू मात्र शेवटी काढतात.

वेशभूषा करून एकत्र जमणे ही कल्पना या शहरांना परकी नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीतील फडके रस्त्यावर ठेवणीतले कपडे घालून जमणारी तरुणाई आणि गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा हे शहराच्या ओळखीचे भाग झाले आहेत. फरक इतकाच, की तेथे पोशाख सर्वांच्या ओळखीचा असतो. निळ्या केसांचा टोप घातलेल्या मुलीला लोकलच्या डब्यात तिचे पात्र ओळखणारा क्वचितच भेटतो, तर संमेलनाच्या प्रवेशद्वारावर तिला अनोळखी माणसे त्या पात्राच्या नावाने हाक मारतात.

पहिल्या भेटीचे स्वरूप

संमेलनाचे तिकीट सहसा दिवसानुसार आणि ऑनलाइन विकले जाते. आगाऊ विक्रीचा दर कमी असण्याची पद्धत आहे. प्रवेशद्वाराशी सामानाची तपासणी होते आणि तिकिटाच्या बदल्यात मनगटावर रिस्टबँड बांधला जातो. तो काढला किंवा तुटला, तर पुन्हा प्रवेश मिळण्यात अडचण येते. कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांत तिकिटासोबत एखादे कॉमिक किंवा पोस्टर देण्याची प्रथा आहे.

आत गेल्यावर साधारणपणे चार विभाग दिसतात. मुख्य व्यासपीठावर मुलाखती, संगीत आणि वेशभूषा स्पर्धा होतात. दुकानांच्या विभागात मूर्ती, टी-शर्ट, किल्ल्यांच्या साखळ्या व मांगाचे खंड विकले जातात. कलाकारांच्या विभागात चित्रकार स्वतः काढलेली चित्रे, स्टिकर व पुस्तिका मांडून बसलेले असतात. चौथा विभाग प्रसारण सेवा व गेम कंपन्यांच्या मोठ्या दालनांचा असतो. तेथे भेटवस्तूंसाठी लांब रांगा लागतात.

पहिल्यांदा येणारा प्रेक्षक बहुधा दिवसाचा पहिला भाग दुकानांपुढील गर्दीत घालवतो आणि व्यासपीठावरील कार्यक्रम त्याच्या हातून निसटतात. नेहमी येणारे चाहते म्हणून वेळापत्रक आधी पाहून दोन-तीन कार्यक्रम निश्चित करतात आणि खरेदी नंतरसाठी ठेवतात. केंद्रातील खाद्यपदार्थ बाहेरच्यापेक्षा महाग असतात. बाहेरील खाद्यपदार्थ व पाणी आत नेण्याबाबतचे नियम आयोजकांनुसार बदलतात. हजारो लोकांच्या गर्दीत भ्रमणध्वनीचे जाळे मंदावते, त्यामुळे सोबत आलेल्या मित्रांनी चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आधीच ठरवून ठेवणे उपयुक्त ठरते.

एकट्याने आलेल्यांसाठी ओळख होण्याचा सोपा मार्ग म्हणजे पात्र. एकाच मालिकेतील पात्रांची वेशभूषा केलेले अनोळखी लोक छायाचित्रासाठी एकत्र उभे राहतात आणि संभाषण तेथूनच सुरू होते. वेशभूषा न केलेल्यालाही टी-शर्टवरील चित्र किंवा पिशवीवरील बिल्ला तेवढेच काम करून देतो. ज्या आवडीबद्दल वर्गात किंवा घरी बोलता येत नाही, त्या आवडीवर तासभर बोलणारी माणसे आपल्याच शहरातली, कधी आपल्याच स्थानकावरून गाडी पकडणारी निघतात. परतीच्या लोकलमध्ये जमलेल्या अशा ओळखींतून पुढे चित्रपट एकत्र पाहणारे गट तयार होतात.

कॉस्प्ले

कॉस्प्लेसाठी तयार पोशाख विकत घेता येतो, मात्र चाहत्यांमध्ये स्वतः बनवलेल्या पोशाखाला अधिक मान असतो. चिलखत व शस्त्रे यांसाठी ईव्हीए फोम वापरला जातो. तो कापून, हीट गनने गरम करून वाकवतात, चिकटवतात आणि त्यावर धातूसारखा रंग चढवतात. हलक्या वस्तूंसाठी सनबोर्ड व पुठ्ठाही चालतो. कापडासाठी कल्याणलगतच्या उल्हासनगर येथील बाजारपेठ जवळ पडते. शिवणकाम घरातील आई, आजी किंवा ओळखीच्या शिंप्याकडून करून घेतले जाते. अनेकदा त्यामुळेच घरच्यांना या छंदाची पहिली ओळख होते.

ठाण्यातील गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह यांमुळे या भागाला नाटकाची सवय आहे. पात्राच्या वयाला व स्वभावाला शोभेल असे कापड निवडणे, टोप बसवणे, दिव्यांच्या प्रकाशात टिकेल अशी रंगभूषा करणे, ही नाटकाच्या कपडेपटाची आणि रंगभूषाकाराची कौशल्ये कॉस्प्लेलाही लागू पडतात. स्पर्धेत पोशाखातील अचूकता, कारागिरी आणि व्यासपीठावरील अभिनय यांचा विचार होतो.

हातातील वस्तूंबाबत नियम कडक असतात. धातूची पाती, धारदार कडा आणि प्रक्षेपण करणारी खेळण्यातील शस्त्रे यांना सहसा परवानगी नसते व तपासणीत ती काढून घेतली जातात. खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी वस्तू रेल्वे व मेट्रोच्या सुरक्षा तपासणीतही अडचणीची ठरू शकते.

संमती व सुरक्षितता

वेशभूषा केलेली व्यक्ती सर्वांसाठी प्रदर्शनीय वस्तू आहे, असा समज नवख्या प्रेक्षकांत आढळतो. याविरुद्ध ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ ही भूमिका जगभरच्या संमेलनांनी स्वीकारली आहे. २०१४ मध्ये न्यू यॉर्क कॉमिक कॉनने या आशयाचे फलक जागोजागी लावले, तेव्हापासून ती विशेष प्रसिद्ध झाली. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारणे, पोशाखाला किंवा शरीराला स्पर्श न करणे, नकार मिळाल्यास आग्रह न धरणे आणि जेवत असलेल्या वा पोशाख दुरुस्त करत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र न काढणे हे त्यातील मूळ संकेत होत.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ, चोरून चित्रण आणि पाठलाग हे अनुक्रमे कलम ७५, ७७ व ७८ खाली गुन्हे आहेत, आणि ही कलमे संमेलनाच्या दालनातही लागू असतात. मुलींना पहिल्या भेटीसाठी घरून परवानगी मिळणे अनेकदा याच मुद्द्यावर अवलंबून असते. त्यामुळे स्वयंसेवक सहज ओळखता येणे, तक्रार कक्ष असणे आणि कपडे बदलण्यासाठी बंदिस्त जागा असणे या गोष्टी प्रत्यक्षात कोण येऊ शकते हेच ठरवतात.

खरेदी व स्वामित्वहक्क

संमेलनातील मालाचे दोन प्रकार असतात : परवाना घेऊन बनवलेला आणि विनापरवाना. जपानी कंपन्यांच्या मूळ मूर्ती महाग असतात, तर त्यांच्या नकला स्वस्तात विकल्या जातात. रंगकामातील ढिलाई, खोक्यावरील अस्पष्ट छपाई आणि परवान्याच्या चिन्हाचा अभाव यांवरून नक्कल ओळखता येते. चाहत्यांनी काढलेल्या चित्रांचे स्थान याहून वेगळे आहे. प्रसिद्ध पात्राचे चित्र काढून विकणे कायद्याच्या काटेकोर दृष्टीने स्वामित्वहक्काच्या कक्षेत येते. तथापि, जपानमधील हौशी पुस्तकांप्रमाणे अशा छोट्या विक्रीकडे हक्कधारक अनेकदा दुर्लक्ष करतात आणि नवे चित्रकार त्यातूनच पुढे येतात. स्वतःची मूळ पात्रे व कथा विकणाऱ्या भारतीय चित्रकारांना याच विभागात वाचक भेटतात.

टीका व चर्चा

अ‍ॅनिमे संमेलनांवर मुख्यतः तीन प्रकारची टीका होते. पहिली खर्चाची. तिकीट, प्रवास, पोशाख व खरेदी मिळून विद्यार्थ्यांवर मोठा भार पडतो आणि ज्याच्याकडे पैसे आहेत तोच खरा चाहता, असे चित्र निर्माण होते. दुसरी टीका परदेशी संस्कृतीच्या अनुकरणाची आहे. तिला उत्तर देताना चाहते मोगली व प्रिन्स राम यांची उदाहरणे देतात. भारतीय कथा जपानी चित्रकारांनी सांगितल्या आणि त्या भारतीय प्रेक्षकांनी आपल्या मानल्या, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तिसरी टीका व्यावसायिकतेची असून ती खुद्द चाहत्यांकडूनच होते. कंपन्यांची दालने वाढत गेली आणि हौशी चित्रकारांची जागा आक्रसली, असे अनेकांचे म्हणणे असते.

पालकांचा आक्षेप बहुधा ‘एवढे मोठे होऊन कार्टून कसले पाहता’ असा असतो. अ‍ॅनिमे हा बालकांसाठीचा प्रकार नसून चित्रपटासारखे एक माध्यम आहे. त्यात बालकथा जशा आहेत, तशाच युद्ध, शोक, क्रीडा व विज्ञान यांवरील प्रौढांच्या कथाही आहेत. काही पालक मुलांसोबत संमेलनाला येतात. रात्री उशिरापर्यंत शिवत बसलेल्या पोशाखाला अनोळखी लोक दाद देताना पाहिल्यावर, हा छंद परीक्षेच्या वेळेवर डल्ला मारणारा टाइमपास आहे की कौशल्य, या प्रश्नाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलण्याची शक्यता असते.

हे सुद्धा पहा

अ‍ॅनिमे
मांगा
कॉस्प्ले
कॉमिक कॉन इंडिया
द जंगल बुक (दूरचित्रवाणी मालिका)
मुंबई उपनगरी रेल्वे